तांदळात लिहिलेलं नाव आणि आयव्हीएफची फाइल

आधी हे सांगून टाकते, नंतर विसरेन. आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार, घ्यायचे असतील आणि लग्नाचा दाखला काढलेला नसेल तर सोनोग्राफीच्याही आधी तो काढा. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि तो कागद कधी कुणी मागितलाच नव्हता. पासपोर्ट दोघांकडेही नाही. जाऊन जाऊन जातो कुठे, तर पुण्याला मावशीकडे.

दवाखान्यातलं भराभर उरकलं. माझं एएमएच, म्हणजे बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी, 0.9 निघालं, यांचा रिपोर्टही जेमतेमच. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वय छत्तीस आणि हा आकडा. महिने घालवू नका, सरळ इक्सी करू." म्हणजे एकेका स्त्रीबीजात एकेक शुक्राणू सुईनं सोडायचा. पुढच्याच पाळीला सुरुवात करायची ठरली. मग आम्ही खाली आलो आणि तिथल्या कोऑर्डिनेटरनं फाइल उघडली.

अशा उपचारांसाठी केलेल्या 2021 च्या कायद्याप्रमाणे जोडपं म्हणून उपचार घ्यायचे तर जोडपं विवाहित हवं. तेव्हा लग्नाचा दाखला आणा, दोघांचं आधार आणा, आणि सगळीकडे नाव एकच हवं. गंमत म्हणजे त्याच कायद्याप्रमाणे एकवीस वर्षांवरची बाई एकटीसुद्धा उपचार घेऊ शकते. मी विचारलं, "मग मी एकटीच आले असं लिहा की!" ती हसली नाही.

आता माझं नाव. माहेरची मी वैशाली आपटे. लग्नात यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'गौरी' लिहिलं, पेढे वाटले, आणि मी गौरी मुळे झाले. मार्कशीटवर वैशाली आपटे, पॅनवर वैशाली मुळे, आधारवर गौरी मुळे, लग्नपत्रिकेत चि. सौ. कां. वैशाली. आपल्यात घरोघरी असं असतं, कुणाला काही वाटत नाही. पण आमच्या इंदूरच्या विवाह नोंदणी कार्यालयातल्या खिडकीपलीकडच्या बाबूला वाटलं.

"मैडम, शादी हुई वैशाली की, और रह रही है गौरी. ये तो दो औरतें हो गईं."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मी तांदळाची सगळी रीत समजावून सांगितली. तो म्हणाला, "चावल का कोई प्रूफ?" यांनी खरोखरच मोबाइलवर अल्बममधला फोटो काढून दाखवला. ताट, तांदूळ, 'गौरी'. 'री'ची वेलांटी जरा वाकडी. त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा करून नीट पाहिला आणि म्हणाला, "शपथपत्र ले आओ."

शपथपत्र नेलं. मग म्हणे नवऱ्याचंही वेगळं हवं. ते नेलं तर साक्षीदारांची आधार कार्डं अस्पष्ट. ती नीट करून नेली, तर लग्न लावणाऱ्या गुरुजींनाच घेऊन या. गुरुजी रामबागेत राहतात, वय एक्याऐंशी, गुडघे गेलेले. त्यांना रिक्षातून आणलं, दोघांनी धरून दुसऱ्या मजल्यावर चढवलं, आणि वर कळलं की सर्व्हर डाउन आहे. गुरुजी बाकावर बसून शांतपणे म्हणाले, "तुमचं लग्न मी पाऊण तासात लावलं होतं."

त्या दिवशी बाबू पोहे खात होता. एक शेव आमच्या अर्जावर पडली, ती त्यानं फुंकरीनं उडवली. तेलाचा डाग राहिला तो राहिलाच. पोह्यांवरच्या जीरावण मसाल्याचा वास मला एरवी आवडतो, त्या दिवशी मळमळलं.

अकरा आठवडे गेले. बाकीचे लोक तारखा मोजतात, मी पाळ्या मोजत होते. तीन गेल्या. त्याच बाकावर बसून मी मोबाइलवर वाचलं की 1978 साली, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी विलायतेत जन्मली त्यानंतर अवघ्या 70 दिवसांनी, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून दुर्गा जन्मली, तीही गोठवलेल्या गर्भातून. आणि सरकारी समितीनं त्यांचा दावाच खोटा ठरवला. घरी वाचलं असतं तर हळहळले असते. तिथे वाचलं, तर नुसती मान हलवली.

शेवटी दाखला हातात आला. नाव: श्रीमती गौरी मुले. हिंदीत 'ळ' कोण लिहिणार! हे कागदाकडे बघत म्हणाले, "चला, कागदावर तरी झाली." मी हसले नाही. रिक्षात बसल्यावर हसले, मग रडले, मग परत हसले.

एवढ्यावर संपलं असतं, पण दाखल्यावर इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी ई आणि आधारवर एवाय. कोऑर्डिनेटरनं पेन्सिलीनं गोल केला. इथे एक लक्षात ठेवा: आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा घाईनं काहीतरी करून संधी घालवू नका. आधी दाखला हातात घ्या, त्यावरचं स्पेलिंग बघा, मग त्याच्या आधारे आधार सुधारा. मला लग्नानंतरचा बदल धरून ही दुसरी संधी होती, म्हणजे आता संपली. दाखल्याचा मसुदा छापण्याआधी दाखवतात का तेही विचारा. मी विचारलं नाही, कारण तोवर मला त्या खिडकीशी एक शब्दही बोलायचा नव्हता.

बाकीचं सांगायचं तर, पोटात अकरा दिवस इंजेक्शनं, ती मी स्वतःच घेतली, याचा मला अभिमान आहे. फ्रिजमध्ये ठेवायची इंजेक्शनं दारात नको, आतल्या कप्प्यात. आमची श्रीखंडाच्या डब्यात होती आणि भाच्यानं डबा उघडला होता. नऊ बीजं निघाली, सात पक्व, पाच फलित, पाचव्या दिवशी दोन उरली. दोन्ही गोठवली. हो, आणि दवाखाना निवडताना भिंतीवरचं नोंदणीपत्र वाचा: पहिल्या स्तराच्या केंद्रात फक्त आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं, एवढंच होतं, आयव्हीएफला दुसरा स्तर लागतो. आम्ही एका ठिकाणी चार महिने आययूआय करत बसलो होतो, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

पहिला गर्भ गर्भाशयात सोडला त्या दिवशी आत एम्ब्रिऑलॉजिस्टनं, म्हणजे प्रयोगशाळेत गर्भ सांभाळणाऱ्या तज्ज्ञानं, पूर्ण नाव विचारलं. मी स्पेलिंगसकट सांगितलं. चौदा दिवसांनी बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ततपासणी, निगेटिव्ह आलं. त्याबद्दल इथे लिहायचं नाही मला.

दुसरा अजून टाकीत आहे, उणे 196 अंशांवर. कायद्यानं दहा वर्षं ठेवता येतो. आम्ही दहा महिनेही ठेवणार नाही. दिवाळीनंतरची तारीख मिळाली आहे. परवा गुरुजींकडे पाया पडायला गेलो तेव्हा त्यांनाही सांगितलं. ते गुडघा चोळत म्हणाले, "या वेळी माझी सही नाही ना लागत?"