ॲक्रिलिक आणि मिक्स मीडिया: कशावर काय धरतं

पावसाळ्यात चित्रावरचा कोलाज कडेने उचलला गेला की दोष हवेला दिला जातो. बहुतेक वेळा दोष गोंदाचा असतो. सुतारकामाचा पांढरा गोंद स्वस्त, हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळणारा आणि वाळला की पारदर्शक दिसणारा, म्हणून ॲक्रिलिकच्या चित्रात तो सर्रास वापरला जातो. पण हा साधा गोंद म्हणजे पीव्हीए (पॉलिव्हिनाइल ॲसिटेट), आणि दमट हवेत तो पुन्हा मऊ पडतो. वर ॲक्रिलिकचे चार थर असले तरी गोंद ओलावा ओढतो, कागद फुगतो, कडा वर येतात. कोकणात असाल तर मागून बुरशी धरते ती वेगळीच. ॲक्रिलिकच्या चित्रात चिकटवायलाही ॲक्रिलिकच घ्यावं: मॅट मीडियम नाहीतर सॉफ्ट जेल, म्हणजे रंगद्रव्याविना तेच ॲक्रिलिक, एक पातळ आणि एक दाट. महाग पडतं, मान्य. पण पैसे वाचवायचेच असतील तर रंगात वाचवावेत.

मिक्स मीडिया म्हणजे हाताला लागेल ते चिकटवणं, असा समज आहे. तसं करून चित्र उभं राहतं, टिकत नाही. नवा थर टाकायच्या आधी स्वतःला एवढंच विचारायचं: हा खालच्या थराला कशाने धरून राहणार? त्यासाठी ॲक्रिलिक वाळतो कसा हे ठाऊक हवं. ट्यूबमधला रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण आणि त्यात रंगद्रव्य. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटतात, मिसळतात आणि सलग पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा पुन्हा पाण्यात विरघळत नाही. हवा साधारण १० अंश सेल्सियसच्या खाली गेली तर कण नीट मिसळत नाहीत आणि थर भुसभुशीत राहतो. आपल्याकडे ही वेळ क्वचितच येते, पण परदेशात हिवाळ्यात गॅरेजमध्ये रंगवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ओल्या रंगातलं माध्यम दुधाळ असतं, वाळल्यावर काचेसारखं होतं, म्हणून ॲक्रिलिक वाळल्यावर एक छटा गडद दिसतो. रंग जुळवायचा असेल तर कागदाच्या पट्टीवर फटकारा मारून, हेअर ड्रायरने वाळवून मगच ताडून पाहायचा.

आता प्रत्यक्ष काम. २४ बाय २४ इंचाचं चित्र धरू. कोलाज आणि जाड पोत असेल तर ताणलेला कॅनव्हास नको. वजनाने तो मधोमध झोळ खातो, आणि मागून बोट लागलं तरी वरची कडक पेस्ट तडकते. ६ मिमीचा प्लाय घ्यावा आणि मागे चारही कडांना दीड इंची लाकडी पट्ट्या लावून घ्याव्यात. प्लायवर थेट जेसो, म्हणजे रंगाखालचं पांढरं अस्तर, लावायची घाई मात्र करू नये. लाकडात पाण्यात विरघळणारा तपकिरी रंग असतो. ॲक्रिलिकमधलं पाणी तो वर ओढतं, आणि आठवड्याभराने पारदर्शक जेलच्या थरात चहाचा डाग पडल्यासारखी पिवळट झाक दिसते. एमडीएफ आणि कोरा सुती कॅनव्हाससुद्धा हेच करतात. आधी ग्लॉस मीडियमचे दोन हात द्यायचे, पुढून, मागून आणि कडांनाही. एकाच बाजूला दिले तर बोर्ड वाकतो.

मग जेसोचे तीन हात. ॲक्रिलिक जेसो म्हणजे ॲक्रिलिकमध्ये खडूची पूड आणि टायटॅनियम व्हाइट. या आकाराला एका हाताला अंदाजे ५० मिली लागतो. पहिला हात आडवा, दुसरा उभा, मध्ये तासभर वाळू द्यायचा आणि शेवटी २२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवायचा. जेसोऐवजी भिंतीचा डिस्टेंपर चालेल का, हे हमखास विचारलं जातं. नाही चालत. त्यात भरणाच जास्त आणि धरून ठेवणारं माध्यम कमी असतं. वाळल्यावर बोट फिरवलं तर पांढरी पूड हाताला येते. जो थर स्वतःलाच धरू शकत नाही, तो वरचे पाच थर काय धरणार?

पोतासाठी तयार मॉडेलिंग पेस्ट उत्तम. घरी करायची असेल तर दोन भाग हेवी जेल आणि एक भाग संगमरवराची पूड, मापाने. पांढरी रांगोळीही चालते, मग ती संगमरवराची असो की शिरगोळ्याची. पण चाळून घ्यावी आणि मिसळताना तोंडाला मास्क लावावा, कारण दगडाची बारीक धूळ फुप्फुसाला वाईट. रंगीत रांगोळी टाळावी, तिचा रंग ओल्या जेलमध्ये सुटतो आणि उन्हात उडतो. पूड वाढवली की पेस्ट छान घट्ट होते म्हणून हात सैल सुटतो, पण निम्म्याहून जास्त पूड गेली की वाळलेला थर नखाने कुसकरतो. प्लास्टर ऑफ पॅरिस यात घालूच नये. ते मिश्रणातलं पाणी पिऊन स्वतः घट्ट व्हायला लागतं, डब्यातच गुठळ्या होतात. समुद्राची वाळू घेणार असाल तर तीन-चार वेळा गोड्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. मीठ राहिलं तर तेही ओलावा ओढतं आणि चित्रावर पांढरी खार फुटते.

पेस्टचा एक थर ३ मिमीपेक्षा जाड नको. वरची कातडी आधी वाळते, आतलं पाणी अडकतं, मग आतला भाग आकसताना वरच्याला ओढतो आणि तडा जातो. जाडी हवी असेल तर दुसऱ्या दिवशी दुसरा थर. पंखा थेट चित्रावर सोडला की हाच प्रकार लवकर होतो. ओतून केलेल्या चकचकीत थरावर ज्या बारीक भेगा दिसतात, त्यांचंही कारण बहुतेकदा हेच.

कोलाजचा कागद दोन्ही बाजूंनी मीडियम पिऊन घेतो, असं धरूनच लावायचा. खाली मीडियमचा भरपूर थर, त्यावर कागद, लगेच वरून दुसरा हात आणि मधून कडेकडे जुन्या एटीएम कार्डाने हवा बाहेर. कागद ओला झाला की पसरतो, म्हणून जाड कागद आधी दोन मिनिटं पाण्यात भिजवून टिपून घ्यावा. नाहीतर तो चिकटल्यावर पसरतो आणि फुगे येतात. वर्तमानपत्राचा मोह सगळ्यांनाच असतो. पण त्या कागदात लिग्निन असतं, त्यामुळे तो पिवळा पडणारच, वर मीडियमचे कितीही हात दिले तरी. शिवाय मीडियम लागलं की कागद पारदर्शक होतो आणि मागच्या पानावरच्या जाहिराती पुढे उगवतात. चांगल्या कागदावर त्या पानाची झेरॉक्स काढून ती लावावी. हातकागदासारखा दुसरा कागद नाही. पुण्याच्या हातकागद संस्थेने १९४० पासून सुती चिंध्यांचा कागद बनवला. अशा कागदात लिग्निन जवळजवळ नसतं आणि मीडियम तो एकसारखं पितो. जुन्या साडीचं कापड लावायचं तर आधी खळ धुऊन काढा. जरीचे काठ मात्र काळे पडतात हे गृहीत धरूनच चित्राची रचना करा.

टोनर ट्रान्सफर, म्हणजे झेरॉक्सची छपाई चित्रावर उतरवणं, हा या सगळ्यातला सगळ्यात मजेचा भाग, आणि सगळ्यात जास्त बिघडणाराही. त्यासाठी झेरॉक्सच्या दुकानातली टोनरवर काढलेली प्रत लागते. घरच्या इंकजेटची शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते, जेल लागताच पसरते. चित्र उलटं उमटतं, म्हणून अक्षरं असतील तर मिरर प्रत मागून घ्या. जागा वाळलेली आणि गुळगुळीत हवी. तिथे सॉफ्ट जेलचा पोस्टकार्डाइतका जाड थर पसरायचा, प्रत छापील बाजू खाली करून ठेवायची आणि कार्डाने दाबत जायचं. कडेने बाहेर आलेलं जेल लगेच पुसायचं. ते कागदाच्या पाठीवर चढलं तर तेवढ्या जागी नंतर पाणी आत शिरत नाही आणि पांढरा ठिपका कायमचा राहतो. मग रात्रभर हात लावायचा नाही; पावसाळ्यात दोन रात्री.

दुसऱ्या दिवशी पाठीवर पाणी शिंपडून दोन मिनिटं थांबलं की कागद राखाडी होतो आणि खालची छपाई डोकावते. आता बोटाच्या पेराने, नख न लावता, गोल गोल चोळायचं. कागदाच्या ओल्या वळ्या सुटत जातात, त्या पुसून घ्यायच्या. वाटतं, झालं. पण वाळलं की सगळं पुन्हा धुरकट: ते राहिलेले तंतू. पुन्हा ओलं करायचं, पुन्हा चोळायचं, अशा दोन-तीन फेऱ्या लागतात. शेवटची पांढरट झाक चोळून काढायला जाऊ नये. तिच्याबरोबर टोनरही निघतो, आणि चेहऱ्याचं चित्र असेल तर नेमका डोळाच जातो. वरून ग्लॉस मीडियमचा पातळ हात दिला की तंतू पारदर्शक होतात आणि छपाई काळीभोर उठून दिसते.

कोळशाने रेखाटन करायचं असेल तर त्याला खरखरीत जागा लागते, म्हणून त्या भागावर आधी मॅट मीडियम किंवा पातळ जेसो. कोळशावर थेट ब्रश फिरवला तर चिखल होतो. आधी फिक्सेटिव्हचे, म्हणजे कोळशाची पूड धरून ठेवणाऱ्या द्रावणाचे, दोन हलके फवारे, मग मीडियम. ऑइल पेस्टल आणि मेणाचे खडू नेहमी सगळ्यात वर. त्यांच्यातलं मेण आणि तेल वाळत नाही, त्यावर टाकलेला ॲक्रिलिक आज बसल्यासारखा वाटतो आणि नंतर सालीसारखा निघतो. तेलरंगाचा नियमही असाच एकमार्गी: वाळलेल्या मॅट ॲक्रिलिकवर तेलरंग चालतो, तेलरंगावर ॲक्रिलिक नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेत कित्येक महिने हळूहळू घट्ट होत राहतं, त्याच्या डोक्यावर पाण्याचं माध्यम पकड घेत नाही. बॉलपेन आणि स्केचपेनची शाई तर वरच्या थरांतूनही झिरपून वर येते. रेघा हव्या असतील तर पिगमेंट शाईचं पेन घ्या.

रंगद्रव्यांबद्दल एक टिपण. गेरू म्हणजे लोहाचा ऑक्साइड, तो मीडियममध्ये खलून बिनधास्त वापरा. उन्हाने त्याचं काही बिघडत नाही. हळद दिसायला कितीही देखणी असली तरी उजेडात लवकर उडते. खरा चांदीचा वर्ख काळवंडतो, म्हणून लावल्या लावल्या त्यावर लेप हवा. ट्यूब घेताना नावापेक्षा मागचा पिगमेंटचा कोड वाचा. पीबी १५ म्हणजे थॅलो ब्लू. तो पारदर्शक आहे, ग्लेझसाठी, म्हणजे खालचं दिसू देणाऱ्या रंगाच्या थरासाठी, योग्य. एक भाग रंग आणि आठ-दहा भाग ग्लॉस मीडियम असं ग्लेझ कोलाजवर चढवलं की कागद, पेस्ट, कोळसा सगळं एका उजेडात येतं. इथे मीडियमऐवजी पाणी वाढवून काम भागवू नका. पाणी पिणाऱ्या जेसोवर पातळ रंग बसतो, पण चकचकीत थरावर त्याचे थेंब गोळा होतात, आणि वाळल्यावर ओल्या फडक्यालाही रंग लागतो.

सपाट रंग सोपा वाटतो, तो सगळ्यात कठीण. चित्रकार तैयब मेहतांच्या १९९५च्या ‘सेलिब्रेशन’मध्ये ॲक्रिलिकचे मोठमोठे सपाट पट्टे आहेत, तसं काही करून पाहा म्हणजे कळेल. रंगवलेल्या भागाची कड वाळायच्या आत पुढचा फटकारा तिला मिळायला हवा, नाहीतर जोड दिसतो. रुंद ब्रश घ्या, रंग आधीच भरपूर कालवून ठेवा, हवेत पाण्याचा बारीक फवारा मारा. मे महिन्यात विदर्भात रंग पॅलेटवरच कातडी धरतो. स्टीलच्या पसरट डब्यात ओलं फडकं, त्यावर बेकिंगचा कागद आणि त्यावर रंग. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही कामाचा राहतो. रंगाचं वाळणं लांबवणारा रिटार्डरही मिळतो, पण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घातला तर थर दिवसेंदिवस चिकट राहतो.

वार्निशची घाई नको. पातळ काम असेल तर दोन आठवडे, जाड पेस्ट असेल तर दोन-तीन महिने. त्याआधी दोन भाग सॉफ्ट ग्लॉस जेल आणि एक भाग पाणी असा वेगळा करणारा हात द्यायचा, म्हणजे पुढे कधी वार्निश काढावं लागलं तर रंगाला धक्का लागत नाही. वर कोळसा किंवा पेस्टल उघडं असेल तर हा हात ब्रशने नको, आणि पेस्टल असेल तर वार्निशऐवजी काचच बरी. पावसाच्या दिवशी फवारलेलं वार्निश धुकट होतं, कोरडा दिवस बघून मारावं. चित्र पाठवताना बबल रॅप थेट रंगाला टेकवू नका. उन्हात गाडीत ॲक्रिलिक मऊ होतो आणि फुग्यांचे गोल ठसे कायमचे उमटतात. मध्ये सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंगचा कागद घाला.

आणि बोर्डाच्या मागे नुसतं ‘मिक्स मीडिया’ लिहू नका. पुढे ज्याला चित्र दुरुस्त करावं लागेल त्याला त्यातून काहीच कळत नाही. चित्रकार विवान सुंदरम यांनी १९९१ मध्ये आखाती युद्धावर कागदावर जी कामं केली, त्यांची नोंद ‘इंजिन ऑइल आणि कोळसा’ अशी सरळ होते. तसंच लिहावं: प्लायवर ॲक्रिलिक, हातकागद, संगमरवराची पेस्ट, टोनर ट्रान्सफर, कोळसा. त्याखाली वार्निश कोणतं, ते कशाने निघतं आणि कोणत्या तारखेला मारलं.