बुरशीचा क्लेम मिळत नाही

पावसाळा आला की आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपवर दोनच विषय, कासला कोण कोण येतंय आणि कॅमेऱ्याचा इन्शुरन्स कुठला घेऊ. पहिल्याला धडाधड उत्तरं येतात, दुसऱ्याला कोणीतरी "काही उपयोग नसतो रे, पैसे देत नाहीत" असं टाकतं आणि विषय संपतो. देतात की, पण कशाचे देतात ते आधी वाचायला लागतं.

सगळ्यात मोठा घोळ घराच्या पॉलिसीचा. घराचा विमा आहे म्हणजे कपाटातला कॅमेरा पण आलाच असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा येतो, पण चोरी म्हणजे त्यांच्या लेखी घरफोडी, कुलूप तोडलेलं, ग्रिल कापलेली, काहीतरी खूण पाहिजे. दार उघडं होतं आणि कोणी बॅग उचलून नेली तर बरेचदा हात वर. आणि कॅमेरा घराबाहेर पडला की संपलंच. भिगवणला त्या हलत्या नावेत फ्लेमिंगोच्या नादात कॅमेऱ्याची बॉडी उजनी धरणाच्या पाण्यात गेली तर त्यासाठी 'ऑल रिस्क' कव्हर, म्हणजे घराबाहेरचं अपघाती नुकसानही धरणारं, वेगळं घ्यायला लागतं, बऱ्याच कंपन्या ते घराच्या पॉलिसीला जोडून देतात. त्यात बॉडी, लेन्स सगळं सिरीयल नंबरसकट लिहून द्यायचं, बिलं आणि नंबरांचे फोटो स्वतःला मेल करून ठेवायचे (लॅपटॉपमध्ये नको, चोर तो पण नेतो). लग्नाच्या ऑर्डरी घेत असाल तर एजंटला तोंडावर सांगा, घरगुती पॉलिसीत धंद्याचा कॅमेरा सहसा चालत नाही. आणि गाडीत बॅग ठेवून चहाला उतरायची सवय असेल तर त्याबद्दलची अट शोधून वाचा, बारीक अक्षरात असते.

पण एवढं सगळं करून आपल्याकडे लेन्स मरते कशाने, तर बुरशीने. आणि हळूहळू होणारी खराबी, गंज, बुरशी हे जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत बाहेर ठेवलेलं असतं. म्हणून माझं मत, मुंबई-कोकणात राहत असाल तर आधी ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं छोटं कपाट), मग विमा. लेन्सचं अपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) पूर्ण उघडून मागून मोबाईलचा टॉर्च मारून बघा, कडेपासून आत पांढरे तंतू पसरलेले दिसले तर झालं कल्याण, ती लेन्स आधी बाकीच्यांपासून लांब ठेवा. आर्द्रता 40 ते 50 टक्के ठेवायची. कॅबिनेटचं बजेट नसेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा), तेवढ्यावर छान भागतं. निळी सिलिका गुलाबी झाली की ओव्हनमध्ये तापवून परत वापरायची. सिलिकाऐवजी तांदूळ नको, त्याने नुसती धूळ होते. आणि पावसात भिजून आलेल्या बॅगेत कॅमेरा ठेवून कपाट लावून घ्यायचं नाही, फोम दोन-दोन दिवस ओला राहतो.

प्रवासात रेल्वेच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. बुक न केलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेच्या कर्मचाऱ्याची चूक दाखवल्याशिवाय रेल्वेवर येत नाही, आणि प्रवाशाच्या चोरीला गेलेल्या रोकडीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये सांगितलं की स्वतःचं सामान प्रवाशालाच सांभाळता आलं नाही तर रेल्वेला दोष देता येणार नाही. बर्थखाली साखळी लावायला कडी असते, वापरा, किंवा सरळ उशाशी घेऊन झोपा. चोरी झालीच तर गाडीतच टीटीईकडे किंवा पोलिसांकडे तक्रार लिहून द्या, एफआयआरशिवाय क्लेम पुढे सरकत नाही.

विमानात जादाच्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्यायच्या. वरचे कप्पे भरले म्हणून गेटवर तुमची बॅग खाली पाठवायला घेतली तर आधी बॅटऱ्या काढून खिशात घाला, जमलं तर लेन्सपण. परदेशी जाताना महागडी किट असेल तर निघतानाच कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट (ही वस्तू इथूनच नेली याचा कागद) करून घ्या, नाहीतर येताना आपल्याच जुन्या कॅमेऱ्यावर ड्यूटी का नको हे समजावत बसावं लागतं. हे काम बॅग चेक-इनला द्यायच्या आधी करा, वस्तू समोर दाखवायला लागते.