मोबाईलचं कॉन्ट्रॅक्ट नाकारलं, आणि कारण काढून घेईपर्यंत: व्हिएन्नातला माझा अनुभव

व्हिएन्नात किंवा युरोपीय संघात कुठेही तुम्हाला मोबाईलचं कॉन्ट्रॅक्ट, हप्त्यावरचा फोन किंवा कर्ज ‘तुमची पत पुरेशी नाही’ एवढंच सांगून नाकारलं असेल, तर गप्प बसू नका. कारण विचारायचा हक्क जीडीपीआरच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या डेटा संरक्षण कायद्याच्या, कलम १५मध्ये आधीपासून आहेच, पण युरोपीय संघाच्या न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२५च्या निकालानंतर त्याला खरी धार आली आहे. मी तो वापरला आणि उत्तर मिळवलं. मधे एका क्रेडिट ब्युरोने, म्हणजे लोकांची पत मोजणाऱ्या कंपनीने, मला जे झुलवत ठेवलं त्याचा राग मात्र अजून जात नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

दुकानातली मुलगी चांगली होती. पासपोर्ट, मेल्डेत्सेटेल (इथला पत्तानोंदणीचा दाखला), पगाराच्या स्लिपा, बँकेचं कार्ड, सगळं नीट बघून तिने माहिती भरली आणि मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. लाल पट्टीत नकार. कारण तिलाही दिसत नव्हतं. माझी नोकरी कायमची, भाडं कधी चुकलेलं नाही, पुण्यातल्या गृहकर्जाचा एकही हप्ता थकलेला नाही. भारतातला सिबिल स्कोअर कितीही चांगला असला तरी इथे तो कुणी बघत नाही, हे नव्याने येणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

मोबाईल कंपनीला ईमेल केला, तिने माहिती कुठल्या ब्युरोकडून घेतली ते मुकाट्याने कळवलं. ब्युरोकडे अर्ज केला, त्यांनी ओळखपत्राची प्रत मागितली, ती दिली. माझी माहिती महिन्याच्या आत आली. त्यात मी दोन बायका होते. एकीच्या नावापुढे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पत्ता व्हिएन्नाच्या ओटाक्रिंग भागातला. दुसरीच्या नावापुढे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, पत्ता फावोरिटेन भागातला. जन्मतारीख एकच. लग्नानंतर पासपोर्ट नव्याने केला की आपल्याकडे मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. इथल्या यंत्रणेला ते कळत नाही. त्यामुळे फावोरिटेनमधली बाई त्यांच्या हिशेबात नुकतीच आकाशातून पडलेली, जिचा ऑस्ट्रियात काही मागमूस नाही अशी.

अर्ज करताना ‘माझी माहिती कुणाकुणाला दिली’ हेही विचारा आणि नावं मागा. ‘दूरसंचार क्षेत्र, बँका’ असं मोघम उत्तर चालत नाही. जानेवारी २०२३मध्ये ऑस्ट्रियन पोस्टच्या प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने हे सांगितलंय: ज्यांना माहिती गेली त्यांची ओळख पटवणं अशक्य असेल किंवा मागणीच उघडपणे अवाजवी असेल, एवढेच अपवाद.

आता मुख्य गोष्ट. दोन नोंदी दिसल्या, पण स्कोअर नेमका कशामुळे पडला हे त्या कागदांत कुठेच नव्हतं. एक आकडा आणि त्याखाली एक परिच्छेद: वय, पत्ता, व्यवहारांचा अनुभव ‘इत्यादी’ घटक विचारात घेतले जातात. मी विचारलं, माझ्या बाबतीत यातलं काय, किती आणि कुठल्या दिशेने? इथून त्यांची टोलवाटोलवी सुरू झाली.

पहिलं उत्तर: निर्णय आम्ही घेतलेलाच नाही, आम्ही फक्त आकडा देतो; मोबाईल कंपनीला विचारा. ही पळवाट जुनी आहे आणि न्यायालयाने ती ७ डिसेंबर २०२३ला बंद केली आहे. शूफा या जर्मनीतल्या क्रेडिट ब्युरोच्या प्रकरणात, म्हणजे खटला क्रमांक सी-६३४/२१मध्ये, एका व्यक्तीला कर्ज नाकारलं होतं आणि शूफाचाही बचाव असाच होता. न्यायालयाने म्हटलं, करार करायचा की नाही हे समोरचा जर त्या आकड्यावरच प्रामुख्याने ठरवत असेल, तर आकडा काढणं हाच जीडीपीआरच्या कलम २२मधला स्वयंचलित निर्णय. दुकानात पगाराची स्लिप हातात घेऊनही ती मुलगी काही करू शकली नाही. आकड्यावर विसंबणं याहून वेगळं काय असतं? मी हे सगळं लिहून पाठवलं.

दुसरं उत्तर यायला महिना उलटून गेला. मुदत वाढवायची तर पहिल्या महिन्यातच कारणासह कळवायला हवं, तेही केलं नव्हतं. हेल्पलाइनला फोन केला की ‘लेखी पाठवा’, लेखी पाठवलं की ‘प्रकरण तपासात आहे’. शेवटी पत्र आलं: मोजणीची पद्धत हे आमचं व्यावसायिक गुपित आहे, त्यामुळे याहून अधिक सांगता येणार नाही. खाली सही नाही, नुसतं ‘ग्राहक सेवा’.

ते वाचून माझा संताप झाला, कारण नेमक्या याच उत्तरावर, याच शहरातून गेलेल्या खटल्यात निकाल लागलेला होता. सी-२०३/२२, २७ फेब्रुवारी २०२५. ऑस्ट्रियातल्या एका व्यक्तीला महिन्याला १० युरोचं मोबाईल कॉन्ट्रॅक्ट नाकारलं, पत कमी म्हणून. ती व्यक्ती कारण मागत राहिली, पतमापन करणारी कंपनी गुपिताची ढाल पुढे करत राहिली, आणि व्हिएन्नाच्या प्रशासकीय न्यायालयाने प्रश्न लक्झेंबर्गला, युरोपीय संघाच्या न्यायालयाकडे पाठवले. १० युरोंसाठी कुणीतरी इतकं चिवटपणे लढलं म्हणून आज आपल्या हातात हा निकाल आहे. त्या अनोळखी माणसाविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते.

निकालातल्या तीन गोष्टी मी पत्रात जशाच्या तशा घातल्या. एक, कुठली माहिती वापरली आणि निष्कर्षापर्यंत कसे पोचले, हे सामान्य माणसाला समजेल असं थोडक्यात सांगायला हवं. नुसतं गणिती सूत्र हातात ठेवून भागत नाही. दोन, माहिती थोडी वेगळी असती तर निष्कर्ष किती बदलला असता, हे सांगणं पुरेसं पारदर्शक ठरू शकतं. तीन, गुपित आहे असं म्हणायचं असेल तर ते डेटा संरक्षण प्राधिकरणापुढे किंवा न्यायालयापुढे ठेवा. कुणाचं पारडं जड हे ते ठरवतील. गुपित आहे की नाही याचा निवाडा कंपनीने स्वतःच करून दार लावून घ्यायचं नाही.

यावर जे आलं त्याने तर कहर केला. पानभर सांख्यिकीचे शब्द, गुणांकांना ग्रीक अक्षरं, आणि त्यात माझ्याविषयी एक ओळ नाही. नुसतं सूत्र चालत नाही असं मी लिहिलं, तर मला सूत्रच पाठवलं! त्या दिवशी मी पत्रव्यवहार थांबवला आणि तक्रारीचा फॉर्म उघडला.

ऑस्ट्रियाचं डेटा संरक्षण प्राधिकरण, दातेनशुत्सबेहोर्डे, व्हिएन्नातच आहे. फी नाही, वकील लागत नाही, फॉर्म संकेतस्थळावर आहे. तक्रार जर्मनमध्ये लिहावी लागते. माझं जर्मन बेताचं आहे, तरी छोटी वाक्यं लिहिली तर निभावतं. सगळी पत्रं तारखेनुसार लावून जोडा. घटना कळल्यापासून एका वर्षात तक्रार करायची असते, ब्युरोच्या पत्रांची वाट बघण्यात ते वर्ष घालवू नका. जर्मनीत असाल तर त्या त्या राज्याचं प्राधिकरण, बाकी वाट साधारण हीच.

प्राधिकरणाने तक्रार ब्युरोकडे पाठवून उत्तर मागितलं आणि जे इतके महिने गुपित होतं ते साध्या दोन पानांत आलं. सध्याच्या पत्त्यावरचा काळ कमी, देशातल्या व्यवहारांची नोंद नाही, वय. यातला सर्वांत मोठा वाटा पत्त्याचा. आणि ज्या वाक्यासाठी एवढा खटाटोप केला ते वाक्य: दोन्ही नोंदी एकत्र धरल्या असत्या तर स्कोअर वरच्या वर्गात गेला असता. म्हणजे पगार, नोकरी, वेळेवर भरलेलं भाडं यांचा त्या आकड्याशी काही संबंधच नव्हता. ते पान मी फाइलमध्ये सगळ्यात वर लावलंय.

नुकसानभरपाई मागावी का, असं मैत्रिणीने विचारलं. मे २०२३च्या निकालानुसार (सी-३००/२१) मनस्ताप ठरावीक पातळीपेक्षा मोठाच असावा अशी अट नाही, पण नियम मोडला एवढंही पुरत नाही. नुकसान दाखवावं लागतं, आणि त्यासाठी वेगळं दिवाणी न्यायालय. मी त्या वाटेला गेले नाही. मला माझं नाव दुरुस्त करून हवं होतं.

इथे एक सावधगिरी. कंपनीने उत्तर दिलं की प्राधिकरण तुम्हाला विचारतं, तक्रारीचं निवारण झालं का? ऑस्ट्रियाच्या कायद्यात कंपनीला कारवाई संपेपर्यंत चूक सुधारायची मुभा आहे, आणि तुम्ही ‘हो’ म्हणालात की फाइल बंद होऊ शकते. मी एवढंच लिहिलं: स्पष्टीकरण मिळालं. दुरुस्तीचा अर्ज ब्युरोला वेगळा केला, कलम १६खाली, आणि सोबत कलम १९ही लिहिलं, म्हणजे ज्यांना ज्यांना चुकीची माहिती गेली त्यांना दुरुस्ती कळवणं त्यांच्यावर बंधनकारक. लग्नाच्या दाखल्याचं प्रमाणित जर्मन भाषांतर आणि जुन्या पासपोर्टचं पहिलं पान जोडलं. लग्नानंतर नाव बदलून युरोपात येणाऱ्या मुलींनी हे दोन कागद पहिल्या दिवसापासून तयार ठेवावेत, आणि जुना पासपोर्ट मुंबई-पुण्याच्या घरी कपाटात ठेवून येऊ नये.

नोंदी एक झाल्याचं लेखी आलं, त्याच आठवड्यात त्याच दुकानात गेले आणि कॉन्ट्रॅक्ट घेतलं. या वेळी सही करताना पूर्ण नाव लिहिलं, मधल्या नावासकट, पासपोर्टवर आहे अगदी तसंच. तुम्हीही घरमालकापासून बँकेपर्यंत सगळीकडे तसंच लिहा.