प्रशिक्षण संपते त्या दिवशी

दादरच्या एका मुलींच्या वसतिगृहात मी गेली काही वर्षे दर शनिवारी जाते. बँकेचा अर्ज भरणे, पगाराची पावती वाचणे, भविष्य निर्वाह निधीचा हिशेब समजून घेणे अशा गोष्टी तिथे शिकवते. बहुतेकजणी पालघर, नंदुरबार, बीड अशा जिल्ह्यांतून एखादा व्यवसाय शिकून पहिल्या नोकरीसाठी मुंबईत आलेल्या असतात.

त्यांतली एक मोखाडा तालुक्यातली. तिचे आईवडील दिवाळी झाली की भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर घरी परततात. अशा घरातून तिने आयटीआयचा वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि अंधेरीच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून जागाही मिळवली. पण दोन महिन्यांतच ती गावी परत गेली. कामात ती कुठेच कमी पडली नव्हती. ज्या नातेवाइकांकडे ती उतरली होती, त्यांच्या एका खोलीत आधीच सहा माणसे राहत होती आणि त्यांनी तिला किती दिवस ठेवून घ्यावे यालाही मर्यादा होती. मोखाड्याला रेल्वे नाही. कसाऱ्यापर्यंत एसटीने यायचे आणि तिथून लोकल पकडायची. रोज हा प्रवास करून कामावर वेळेत पोहोचणे कोणालाही शक्य नाही. कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरते भाडे देऊन राहायचे, तर अनामत रक्कम आधीच मोजावी लागते आणि पहिले विद्यावेतन हातात पडायला महिना जावा लागतो. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ सालचा आहे. त्याखालील नियमांनी २०१९ मध्ये किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरवले होते. या रकमेतून मुंबईत राहणे, जेवण आणि रेल्वेचा पास हे सारे भागवून घरी काय पाठवायचे, हा हिशेब तिने माझ्यासमोर वहीत मांडला होता. कागदोपत्री मात्र तिच्या नावापुढे ‘उमेदवारी सोडली’ एवढीच नोंद राहिली.

गरीब घरातल्या मुली स्वतःच्या पायावर उभ्या राहाव्यात म्हणून आपण जे प्रशिक्षण देतो, ते प्रमाणपत्र हातात पडले की संपले असे मानतो. मुलीची खरी अडचण नेमकी त्याच दिवशी सुरू होते, हे मला त्या वहीने शिकवले.

आपल्याकडे ज्यांनी हे काम आरंभी केले, त्यांना ही गोष्ट पुरती ठाऊक होती. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा नुसते वर्ग चालवून त्या थांबल्या नाहीत. तिथे राहण्याचीही सोय होती आणि पुढे केडगावला दुष्काळातून आणलेल्या मुलींना विणकाम, शेती, छापखान्याचे काम शिकवतानाही छप्पर आणि जेवण यांची तजवीज त्यांनी केलेली होती. १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढणाऱ्या महर्षी धोंडो केशव कर्व्यांचाही मार्ग हाच होता. आज केंद्र सरकारची नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची योजना आहे आणि ती १९७२-७३ पासून चालू आहे. परंतु तिच्या मार्गदर्शक सूचनांनुसार नोकरीसाठी प्रशिक्षण घेणाऱ्या मुलींना प्रवेश द्यायचा, तर तो नोकरदार महिलांची सोय झाल्यावर जागा उरली तर, एकूण जागांच्या ३० टक्क्यांपर्यंतच आणि प्रशिक्षण एका वर्षाहून मोठे नसेल तरच. ज्या मुलीला खाटेची गरज सर्वांत जास्त, तिचा क्रमांक सर्वांत शेवटी लागतो.

शिवणकामाबद्दलही सांगायला हवे. ज्या गावात मुलींसाठी दुसरे काहीच निघत नाही, तिथे शिवणवर्ग हमखास निघतो. मी शिवणकामाला कमी लेखत नाही. माझ्या आईने त्यावरच संसाराला हातभार लावला. पण चाळीस उंबऱ्यांच्या पाड्यावर वीस मुलींनी ब्लाउज शिवायचे ठरवले, तर गिऱ्हाईक कोण? आणि तीच मुलगी मुंबईत तयार कपड्यांच्या कारखान्यात आली, की विजेच्या वेगवान मशीनवर आणि ओव्हरलॉकवर पीसच्या दराने काम करावे लागते, जे तिने कधी पाहिलेलेही नसते, कारण वर्गात सहा महिने ती पायाच्या मशीनवर शिकलेली असते. सुरुवातीचे काही आठवडे तिची मजुरी इतकी कमी पडते की अनेकजणी तिथेच खचतात.

मोखाड्याची ती मुलगी पुढच्या वर्षी परत आली, कारण या वसतिगृहात एक खाट रिकामी झाली होती. उमेदवारी पूर्ण करून ती आता पवईच्या एका इमारतीत विजेच्या देखभालीचे काम करते आणि दरमहा घरी पैसे पाठवते. या वर्षी तिचे आईवडील भट्टीवर गेले नाहीत. तिची धाकटी बहीण आयटीआयमध्ये जोडारीच्या (फिटर) दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या शनिवारी तिच्याविषयी बोलताना मोठीने नोकरीची चौकशी केली नाही. “बाई, उन्हाळ्यानंतर इथे जागा होईल का?” एवढेच तिने विचारले. वसतिगृहाच्या प्रतीक्षा यादीत धाकटीचे नाव मी आज लिहून आले.