मार्क दिल्यानंतर आलेलं उत्तर

गोदामासाठी स्टोअर इन्चार्ज नेमायचा होता. शेवटच्या फेरीत तीन उमेदवार उरले होते. पॅनेलवर ऑपरेशन्सचे प्रमुख, अकाउंट्सच्या मॅडम आणि एचआरकडून मी. आमच्याकडे एक नियम मी काटेकोर पाळते. उमेदवार खोलीबाहेर गेला की प्रत्येकाने आपले मार्क कुणाशीही न बोलता लिहून माझ्याकडे द्यायचे, चर्चा मागाहून. आधी बोलणं झालं की ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे बाकीचे झुकतात, हे मी फार जवळून पाहिलंय.

ऑपरेशन्सच्या सरांचा ठरलेला प्रश्न होता : सिस्टीमला एका मालाचे 400 नग दिसतात, रॅकवर 360 आहेत आणि गाडी दुपारी सुटायची आहे. काय कराल? तिघांतली एकटी मुलगी जरा गडबडली. म्हणाली, डिस्पॅच थांबवून पूर्ण गोदाम मोजून घेईन. सरांनी तिला 5 पैकी 2 मार्क दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा तिघांना तिचे आभाराचे मेल आले, तिन्ही वेगवेगळे. माझे आभार मानून निवडीची पुढची पायरी नीट समजावल्याचा उल्लेख केला होता. मॅडमना परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटविषयी झालेल्या बोलण्याबद्दल दोन ओळी होत्या. सरांना मात्र तिने त्या प्रश्नाचं उत्तर नव्याने लिहिलं होतं. गाडी थांबवायची गरज नाही. ऑर्डर 360 मध्ये बसत असेल तर माल मोजून भरून द्यावा. मग फक्त त्या एका मालाच्या नोंदी तपासाव्यात : माल गेला पण एंट्री राहिली का, तुटका माल वेगळा काढून ठेवलाय का, काही नग दुसऱ्या रॅकवर गेलेत का, जीआरएनमध्ये, म्हणजे माल आल्याच्या नोंदीत, पेटी आणि नग यांची गल्लत झाली का. कारण सापडेपर्यंत सिस्टीमचा आकडा बदलायचा नाही, आणि बदलायचा झाला तर मंजुरी घेऊनच.

असा मेल क्वचितच येतो. बहुतेक वेळा तोच मजकूर तिघांनाही पाठवलेला असतो, आणि आम्ही मेल एकमेकांना दाखवतो हे उमेदवाराच्या लक्षात येत नाही. कधी नावही दुसऱ्याचंच राहिलेलं असतं. कुणी आभारातच पगाराचा विषय पुन्हा काढतो, तो तर मुळीच काढू नये. 24 तासांच्या आत, आठ-दहा ओळी आणि त्याच मुलाखतीत घडलेली एखादी गोष्ट, एवढं पुरतं.

सर फोन हातात घेऊनच माझ्या टेबलापाशी आले. ‘‘हिचे मार्क वाढवू या. हेच उत्तर मला हवं होतं.’’ मॅडम तयार नव्हत्या. ‘‘तिला विचार करायला रात्र मिळाली. बाकीच्या दोघांना कुठे मिळाली?’’

मला दोघांचंही पटत होतं. चुकलेलं उत्तर घरी जाऊनही डोक्यात घोळवणारं माणूस गोदामाला हवंच असतं. पण मुलाखतीनंतर मेल लिहायचा असतो हे अनेकांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं. उत्तम काम करणारी माणसं केवळ तेवढ्यावरून मागे पडावीत, हे मला मान्य नाही. म्हणून मार्क होते तसेच ठेवले आणि उरलेल्या दोघांना कळवलं : मुलाखतीतल्या कुठल्याही उत्तरात भर घालायची असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत लिहा.

एकाने आभार मानले, बाकी काही नाही. दुसरा मुलाखतीत अडखळत बोलला होता, तोवर त्याचा मेलही नव्हता. त्याने मोठं उत्तर पाठवलं. तिच्या उत्तरातलं जवळपास सगळं त्यात होतं, शिवाय एक गोष्ट जास्त होती : मोजणी चालू असेपर्यंत तो माल सिस्टीममध्ये लॉक करायचा, नाहीतर इकडे आपण मोजतो आणि तिकडे कुणीतरी नवी एंट्री टाकतो. जुन्या नोकरीत हे त्याने स्वतः निस्तरलं होतं, तेही तपशिलाने लिहिलं होतं. मूळ मार्कांतही तो पुढेच होता. निवड त्याची झाली.

तिला नकार कळवायला मी ठरीव मेल न पाठवता फोन केला. तुझा मेल आम्ही तिघांनी नीट वाचला आणि त्यामुळेच बाकीच्यांनाही विचारलं, हे तिला सांगितलं. काय कमी पडलं, असं तिने विचारलं. मी लॉकचं सांगितलं. क्षणभर थांबून ती म्हणाली, ‘‘हो मॅडम, ते मला सुचलंच नाही.’’ आवाजात नाराजी होती, ती असणारच. पण पुढे तिने मोजणी शिफ्ट बदलताना करावी का, हेही विचारलं आणि मी फोन सरांकडे दिला. ते बराच वेळ बोलत होते.

आता मुलाखत संपताना, उत्तरात नंतर लिहून भर घालता येईल, हे प्रत्येकाला मी तोंडी सांगते आणि त्याची वेळ ठरवून देते. मार्कांच्या कागदावर ‘नंतर लिहिलेलं उत्तर’ असा वेगळा रकाना केला आहे, मूळ मार्कांत तो मिसळत नाही. आभाराच्या ओळींना त्या रकान्यात मार्क नाहीत.