एका तोळ्यात १८० ग्रेन

एका रविवारी आईशी व्हिडिओ कॉल चालू होता, फोन गॅरेजमधल्या टेबलावर टेकवून ठेवला होता, आणि तिला मागे तो छोटा काटा दिसला. "काय रे, सोनाराचा दुकान काढलंस काय?" मी खरं ते सांगितलं, की हा काटा बंदुकीची पावडर मोजायचा आहे, मी काडतुसं घरी भरतो. ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे आजोबांसारखो बार भरतंस."

हो, तसंच. कुडाळजवळच्या आमच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, रानडुकरांसाठी. दारू मापाने ओतायची, वर काथ्या, मग गजाने ठासायचं, आणि दर निवडणुकीला ती बंदूक पोलीस स्टेशनात जमा करून यायची. मला तिला हात लावायला परवानगी नव्हती पण ते माप मात्र मी धुऊन-पुसून ठेवायचो. आता लारामीत राहतो, वायोमिंगमध्ये, समुद्रसपाटीपासून सुमारे ७२०० फुटांवर, आणि इथे येऊन इतक्या वर्षांनी तेच काम पुन्हा हातात आलं.

आधी एक सांगतो कारण व्हिसावर बंदूक ठेवता येते का, हे पुण्या-मुंबईचे मित्र नेहमी विचारतात. व्हिसावर असताना मी बंदुकीच्या वाटेलाही गेलो नाही. एच-वन-बीसारख्या व्हिसावर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला इथे केंद्रीय कायद्याने बंदी आहे, शिकारीचं वैध लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर, आणि त्या अपवादांच्या भरवशावर ग्रीन कार्ड धोक्यात घालावं असं मला कधी वाटलं नाही. कार्ड आलं, मग हंटर एज्युकेशनचा कोर्स केला (वायोमिंगमध्ये १ जानेवारी १९६६ किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला तो लागतोच), मग दुकानात फॉर्म भरून, बॅकग्राउंड चेक होऊन रायफल घेतली. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली ते योग्यच झालं असं माझं मत आहे. इथलं गणित वेगळं आहे, कोटा ठरवून लायसन्सं देतात, आणि रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो तो १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जातो.

तर रायफल कुठली घ्यायची. इथे मोकळं माळरान आहे, सेजब्रशची गुडघाभर झुडपं आणि क्षितिजापर्यंत आडोसा नाही, त्यामुळे प्रत्येक जण सांगतो की फ्लॅट जाणारं मॅग्नम, म्हणजे जास्त पावडरचं जोरदार काडतूस, घे. फ्लॅट म्हणजे लोकांना वाटतं गोळी सरळ रेषेत जाते. तसं काही नसतं. नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून ती पडायला लागते, मॅग्नममध्ये फक्त वेग जास्त म्हणून पडायला वेळ कमी मिळतो, एवढंच.

मी घेतली सेव्हन एमएम रेमिंग्टन मॅग्नम, जुनी, वापरलेली, बोल्ट ॲक्शन, २४ इंची बॅरल. हे काडतूस १९६२ साली आलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी थ्री हंड्रेड विन्चेस्टर मॅग्नम. थ्री हंड्रेडही चालवून बघितली होती पण तिचा धक्का मला झेपला नाही, तिसऱ्या-चौथ्या बारापासून डोळे आपोआप मिटायला लागले, आणि डोळे मिटून नेम लागत नाही मग ताकद कितीही असो. आता सेव्हन एमएम पीआरसीसारखी नवीन काडतुसं आलीत, २०२२ मधलं ते, लांब जड बुलेटसाठी पहिल्यापासून विचार करून बनवलेलं, आज नवीन घेणाऱ्याला मी तेही बघ म्हणेन. पण जुन्या सेव्हन मॅगच्या पुंगळ्या (काडतुसाची पितळी कवचं), डाय (झालेली पुंगळी पुन्हा मापात आणणारा साचा), सगळं सगळीकडे मिळतं.

आता आकडे बघा, कारण माझं मन आकड्यांनीच बदललं. १६० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप, त्याकडे पुढे येतोच) बुलेट सेकंदाला २९५० फुटांच्या आसपास, म्हणजे साधारण ९०० मीटर. २०० यार्डांवर नेम जुळवला तर ३०० वर ती सहा-सात इंच खाली लागते, ४०० वर दीड फुटाच्या आसपास. आणि साधी थ्री-ओ-एट, जिला कोणी मॅग्नम म्हणत नाही, ती ३०० वर आठ-नऊ इंच खाली. म्हणजे एवढा धक्का, एवढी पावडर, एवढा आवाज, आणि ३०० यार्डांवर फायदा दीड-दोन इंचांचा. ४०० वर तो चार-पाच इंच होतो, नाही असं नाही. पण आमच्याकडे वारा आहे. लारामीचा वारा ज्यांनी अनुभवला नाही त्यांना सांगून कळणार नाही, हिवाळ्यात तो हायवेवरचे ट्रक आडवे करतो. ताशी दहा मैलांचा आडवा वारा ३०० यार्डांवर या बुलेटला चार-पाच इंच बाजूला ढकलतो, आणि इथे वीस मैल म्हणजे रोजचंच. मग कुठला फ्लॅट? उलट एवढ्या उंचीवर हवा खालच्यापेक्षा वीसेक टक्के विरळ, तिथे काही न करता थोडा फायदा आपसूक मिळतो.

म्हणजे काडतूस घरी भरायचं ते वेगासाठी नाही हे मला कळलं, पण कळलं ते पहिला सगळा उन्हाळा वेगामागे धावून झाल्यावर. काडतुसं भरायच्या मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या चार्जपासून, म्हणजे पावडरच्या वजनापासून, थोडं थोडं वर जायचं असतं. मी वर जात राहिलो कारण क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, आकडा वाढताना बघून बरं वाटायचं, आणि एका दुपारी बोल्टची, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याची, मूठ वर उचलेना. तळहाताने ठोकून उघडली. पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) गोल ठसा चकाकत होता, प्रायमरच्या (पावडर पेटवणाऱ्या छोट्या टोपीच्या) गोल कडा सपाट झाल्या होत्या. ही दाब मर्यादेबाहेर गेल्याची खूण, आणि मर्यादा म्हणजे चौरस इंचाला ६१,००० पाउंड, आपल्या गालापासून वीतभर अंतरावर. त्या दिवशी मी उरलेली सगळी काडतुसं घरी आणून एकेक उघडली आणि पावडर फेकून दिली. म्हणूनच माझा चार्ज किती ते मी इथे लिहिणार नाही, कोणी मागू नका, तो माझ्या चेंबरचा (रायफलीत काडतूस बसतं त्या जागेचा) आणि माझ्या नळीचा आहे, दुसऱ्याच्या रायफलीत तोच चार्ज घात करू शकतो. आणि फार कमी भरणंही सुरक्षित नाही, या सावकाश जळणाऱ्या पावडरी मॅन्युअलच्या खालच्या आकड्याच्याही खाली नेऊ नयेत.

दुसरी चूक मला माझ्या शेजारच्या आजोबांनी दाखवली. रेल्वेतून रिटायर झालेले, ऐंशीच्या घरातले, मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणतो. सेव्हन मॅगच्या पुंगळीला बुडाशी एक पट्टा असतो, बेल्ट, तो १९१२ च्या थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह हॉलंड ॲन्ड हॉलंड काडतुसापासून वंशपरंपरेने आलेला. काडतूस चेंबरमध्ये या पट्ट्यावर टेकतं, त्यामुळे कारखान्यात खांद्याच्या, म्हणजे पुंगळी तोंडाकडे निमुळती होते त्या उताराच्या, मापाची फार काटेकोर काळजी घेतली नाही तरी भागतं. मी डाय सूचनेप्रमाणे पूर्ण खालपर्यंत लावली होती, दरवेळी खांदा जास्तच मागे ढकलला जायचा, मग बार काढला की पुंगळी पुढे ताणली जायची, पट्ट्याच्या किंचित वर. चौथ्या वेळेला तिथे बाहेरून बारीक चमकदार रेघ दिसायला लागली. मला वाटलं डायचा ओरखडा असेल.

आजोबांनी पेपरक्लिप घेतली, सरळ केली, टोकाला पक्कडने बारीक आकडा वळवला आणि ती पुंगळीत घालून बुडापासून वर आतल्या भिंतीवरून हलकेच ओढत आणली. मग माझ्या हातात दिली. "डोळे मिट आणि ओढ." मिटले. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग अचानक टोक कशात तरी अडकलं, नखाने स्टीलच्या डब्याच्या झाकणाची खाच चाचपावी तसं. त्यांनी ती पुंगळी शिकंजात धरून करवतीने उभी चिरली. आत, बरोबर त्या रेघेच्या जागी, पितळेची भिंत कागदासारखी झाली होती. पुढच्या बाराला बूड वेगळं आणि धड वेगळं झालं असतं, आणि तो तापलेला गॅस मागे कुठे आला असता याचा विचार करून मला त्या रात्री झोप नाही लागली. तेव्हापासून मी पट्टा विसरलो आहे, काडतूस खांद्यावरच टेकलं पाहिजे, आणि बार झालेल्या पुंगळीचं माप घेऊन डाय अशी लावतो की खांदा फक्त दोन हजारांश इंच मागे जाईल. प्रत्येक पुंगळीत पेपरक्लिप. प्रत्येक.

बाकीचं काम तसं शांत आहे. पुंगळ्या साफ करायच्या, साइझ करायच्या, लांबी अडीच इंचांच्या वर गेली तर कापायची, मॅग्नम प्रायमर बसवायचा, कारण एवढी मोठी रास नीट पेटवायला साधा प्रायमर पुरेल याची खात्री नसते. टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा, हा नियम कधीच मोडायचा नाही. मी वापरतो ती हॉजडनची एच-वन-थाउजंड, ऑस्ट्रेलियात बनते, पेन्सिलच्या शिशाचे बारीक तुकडे केल्यासारखी दिसते. ती घ्यायचं कारण थंडी. ऑगस्टात तीस डिग्रीत रेंजवर चाचणी घेतो आणि ऑक्टोबरच्या पहाटे उणे दहा असतं, तापमानाने वेग बदलणारी पावडर असेल तर ऑगस्टातला नेम ऑक्टोबरात तोच राहत नाही. या पावडरीत तो फरक फार कमी पडतो.

आणि मग काटा. ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आणि मी मोजतो दशांश ग्रेनपर्यंत, म्हणजे मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढं. आईला मी सांगितलं की हा ग्रेन आपल्या ओळखीचाच आहे, इंग्रजांनी १८३३ साली तोळा ठरवला तो बरोबर १८० ग्रेनचा, बारा मासे म्हणजे माशाला पंधरा. सावंतवाडीच्या बाजारात तिच्या पाटल्या ज्या मापाने तोलल्या तेच माप हे. माझी बुलेट १६० ग्रेन, म्हणजे तोळ्याला थोडी कमी, पावणेअकरा मासे म्हणा. हे ऐकल्यावर तिचा चेहरा जरा सैल झाला, सोन्यासारखं मोजतो आहे तर निष्काळजीपणा करत नसेल असं वाटलं असावं.

शेवटी मी थांबलो कमाल वेगाच्या बऱ्याच खाली, २९०० च्या आसपास. वरच्या चार्जला १०० यार्डांवर तीन गोळ्या पावणेदोन इंचांत पसरायच्या, इथे त्या इंचाभरात येतात, पुन्हा पुन्हा येतात, गार नळीतून पहिली गोळीही तिथेच जाते, आणि शिकारीत तेवढीच मोजायची असते. तीन बार झाले की नळी गार होऊ द्यायची, मॅग्नम नळीचा गळा लवकर खातं.

बुलेट मी नोस्लर पार्टिशन निवडली. जॉन नोस्लर यांची एका मूसवर मारलेली गोळी फुटून वरवरच राहिली होती, त्यातून त्यांनी ही बनवली, १९४८ पासून मिळते, मध्ये तांब्याची आडवी भिंत असते, पुढचा भाग उमलतो आणि मागचा अर्धा शाबूत राहून आत जातो. पुढच्या वर्षी पूर्ण तांब्याची वापरून बघणार आहे कारण शिशाचे कण मांसात राहतात, आणि ते मांस माझी मुलं खातात, आतडी-कोथळा गरुड-कावळे खातात.

ऑक्टोबरात एल्कची मादी मिळाली, स्नोई रेंजच्या उतारावर, सांबराच्या जातीतलंच पण फार मोठं जनावर. आजोबांना आता चढवत नाही, ते खाली पिकअपमध्ये थर्मास घेऊन बसले होते. आदल्या संध्याकाळी एक कळप ४०० च्या पुढे होता आणि वारा गवत झोपवत होता, मी रायफल खांद्याला लावलीच नाही. सकाळी २३० यार्ड, रेंजफाइंडरने मोजलेले, वारा नाही, सॅकवर टेकवून, खांद्यामागे एकच गोळी. ती मादी तीस-चाळीस पावलं चालली आणि बसली. जवळ गेलो तेव्हा डोळ्यांत आभाळ दिसत होतं. मी हात जोडले, आणि बराच वेळ सुरी काढली नाही. मग सुरू केलं तर खाली उतरवायला चार फेऱ्या आणि संध्याकाळ लागली.

मांसाला चरबी जवळजवळ नसते, सुक्या खोबऱ्याच्या वाटणात मंद शिजवावं लागतं, बायकोने मालवणी मसाल्यात केलं आणि आजोबांना डबा दिला, त्यांनी पाणी पीत पीत सगळा संपवला.

गोळी पलीकडच्या बाजूला कातडीखाली अडकलेली सापडली, पुढून फुलासारखी उमललेली, मागून जशी टेबलावर बसवली होती तशीच गुळगुळीत. धुतली, पुसली, आणि त्याच काट्यावर ठेवली. १०४ ग्रेन. रात्री आईला फोन केला तर तिने आधी मुलांची चौकशी केली, मग सर्दीची, आणि मग म्हणाली, "तोळ्यात सांग."

"सात मासे, आई. जेमतेम."