आजीची चाल

आमच्या घरातल्या तिशीच्या आतल्या सगळ्यांचा ठाम समज आहे की माझी आजी भलतीच चपळ होती. पुरावा एक जुना व्हिडिओ. अंगणात कुरडया वाळत घातलेल्या, आणि आजी काठी उगारून लगालगा कावळा हाकलायला येते. खरं तर तिचे गुडघे कायम धरलेले. पडवीतून तुळशीपर्यंत ती पोचेस्तोवर चुलीवरच्या चहाला आधण यायचं.

घोळाचं मूळ काकाच्या सुपर एट कॅमेऱ्यात, म्हणजे फिल्मवर चालणाऱ्या घरगुती सिनेकॅमेऱ्यात. त्यावर एक चकती होती: १८, २४, ५४. सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, टिपायची, त्याचे आकडे. ५० फूट फिल्मच्या कार्ट्रिजमध्ये ३,६०० फ्रेम मावत. १८ वर ती ३ मिनिटं २० सेकंद पुरायची, २४ वर अडीच मिनिटांत संपायची. २४ ही सिनेमाची गती, हालचाल जास्त सफाईदार. पण काका पडला हिशेबी. "पन्नास सेकंद जास्त मिळतायत, सोडू कशाला?" शिवाय १८ वर प्रत्येक फ्रेमला उजेडही थोडा जास्त मिळतो, आमच्या माजघरात तेवढाच आधार.

एकदाच त्याने हात सैल सोडला. चुलतभाऊ विहिरीत मुटका मारणार, म्हणून चकती ५४ वर. १८ च्या गतीने दाखवली की सेकंदाची उडी पडद्यावर तीन सेकंद दिसणार! मात्र ५४ वर अख्खी कार्ट्रिज ६७ सेकंदांत फस्त होते. भाऊ नाक धरून काठावर उभा, उडी काही मारीना, आणि कॅमेरा गरगरतोय. "अरे मार की, रीळ चाललंय!" फिल्म मुकी, त्यामुळे काकाचा ओरडा ऐकू येत नाही, भावाच्या चेहऱ्यावर दिसतो तेवढाच.

काका गेल्यावर रिळं डिजिटल करायला दिली. दुकानदाराने १८ ची रिळं आपल्या टीव्हीच्या २५ फ्रेमच्या हिशेबाने सरळ चालवली. ३ मिनिटं २० सेकंदांचा ऐवज २ मिनिटं २४ सेकंदांत आटोपला, आणि आजी धावायला लागली.

परवा मीच लॅपटॉपवर बसून वेग ७२ टक्क्यांवर आणला. आजी उजवा पाय जरासा ओढत पायरी उतरली, कमरेवर हात ठेवून थांबली, मग काठी उचलली. कावळ्याने तोवर कुरडईचा तुकडा निवांत चोचीत धरला होता. माझे डोळे भरून आले.

पुतणी मागे उभी होती. म्हणाली, "काका, पणजीला स्लो मोशन का लावलंय?"